वापरास अयोग्य

यंत्राचं टोक खांबात शिरलं तेव्हा धाकू झोरे माझ्या शेजारी पाण्याची नळी धरून उभा होता. भोक पडताना बारीक राखाडी चिखल बाहेर येत होता आणि नव्याकोऱ्या पांढऱ्या रंगावरून खाली ओघळत होता. ते पाहून धाकू न राहवून म्हणाला, "मॅडम, परवाच रंग दिलाय ओ. एक तारखेला उद्घाटन हाय."

"भोक बुजवून देणार आहोत आम्ही," मी म्हणाले.

"बुजवाल. पर खांबाला कळतंयच की."

मी हसले. आमचा तंत्रज्ञही हसला. धाकू मात्र गंभीरच होता. त्या इमारतीचा तो राखणदार होता. पाया खणल्यापासून तिथंच झोपडी टाकून राहिलेला, आणि सगळं बांधकाम त्यानं आपल्या अंगावरच घेतल्यासारखं होतं.

गोठणवाडी कोयनेच्या वरच्या अंगाला, घाटाच्या डोक्यावर आहे. त्या काळी तिथून सर्वांत जवळचं मोठं इस्पितळ घाट उतरून, नदी ओलांडून होतं. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांतल्या बायकांची बाळंतपणं शाळेमागच्या पत्र्याच्या एका भाड्याच्या खोलीत व्हायची, आणि काही अडलं की बाईला जीपमध्ये घालून खाली न्यायचं. म्हणून हे आरोग्य केंद्र मंजूर झालं होतं. पुढं ओसरी, तपासणीची खोली, मागं बाळंतपणाची खोली आणि तिला लागून सहा खाटांचा वॉर्ड. लोकांनी त्याची किती वाट पाहिली होती ते मला नंतर कळलं. तेव्हा मी तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवत होते, आणि सरकारी बांधकामांची तपासणी बाहेरच्या कुणीतरी करायची म्हणून ते काम आमच्या विभागाकडे येत असे. बहुतेक वेळा जाऊन यायचं, मोजमापं घ्यायची आणि सही करायची, एवढंच असायचं.

इथंही तसंच झालं असतं. छत चांगलं होतं. भिंती ओळंब्यात होत्या. पण मागच्या बाजूच्या चार खांबांवर चाचणीचा हातोडा टेकवला तेव्हा ताकदीचा आकडा फारच खाली आला. पुन्हा टेकवला, तोच प्रकार. पुढचे खांब ठणठणीत आणि मागचे चार तेवढे मऊ. मग मी दुसऱ्या खेपेला यंत्र घेऊन आले. खांबातून काँक्रीटचा एक दंडगोल कापून काढायचा आणि प्रयोगशाळेत दाबून फोडायचा, म्हणजे आतली खरी ताकद कळते.

ठेकेदार उद्धव चाळके गावचाच होता. मी काही विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं. ते चार खांब भरायच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला होता, शेडमध्ये पाणी शिरलं आणि पोत्यांत गुठळ्या धरल्या. घाटात दरड कोसळलेली, नवी पोती येईनात, आणि साचे बांधून तयार. त्यानं सिमेंट चाळून घेतलं, गुठळ्या फेकल्या आणि उरलेलं वापरलं. हे सांगताना त्यानं नजर चुकवली नाही. "माझ्याच घरातल्या बायका इथं येणार हायत मॅडम," तो म्हणाला. "मुद्दाम कशाला करीन?" मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला, आणि मी ठेवलाही. पण ओल लागलेलं सिमेंट चाळलं तरी त्याची ताकद गेलेली असते, हे मला ठाऊक होतं.

दुपारी धाकूची बायको भाकरी घेऊन आली. सुगंधा तिचं नाव. धनगरवाड्यावरून खाली उतरून आलेली, कपाळाला घाम, आणि चालण्यावरूनच कळत होतं की दिवस गेलेत. पाचवा लागला होता. ती नव्या वॉर्डच्या पायरीवर टेकली, हात मागं टेकवून वर छताकडे बघत राहिली, आणि माझ्याशी ओळख नसतानाही सांगू लागली की पहिली खाट तिची, सिस्टरनी तसं कबूल केलंय. गणपतीच्या आसपास होईल म्हणे. धाकू लाजला आणि तिला म्हणाला, गप जेवू दे मॅडमना.

निघताना मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "निकाल येईपर्यंत आत कुणाला सोडायचं नाही. कुणीही आलं, काहीही सांगितलं तरी. चावी तुझ्याकडेच ठेव."

"न्हाई सोडत," तो म्हणाला. वॉर्डच्या पायरीवरून त्यानं सुगंधालाही उठवलं.

निकाल वाईट आला. एक नमुना कसाबसा तग धरून होता, बाकीचे हव्या त्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपास फुटले. नियमाप्रमाणे शंकेला जागाच नव्हती. तरी दोन दिवस माझ्याच्यानं अहवाल लिहवेना. नियमात न बसणं आणि पडणं यांत बरंच अंतर असतं. नियमात न बसलेल्या किती तरी इमारती पिढ्यान् पिढ्या उभ्या आहेत. पण कोयनेच्या खोऱ्यात जमीन अधूनमधून हलते. भांडी वाजतात, लोक अंगणात येतात, थोड्या वेळानं पुन्हा आत जातात. जमीन हलली की सगळा भार खांबांवर येतो. आणि त्या खांबांच्या आत असणार होत्या उठता न येणाऱ्या बायका.

उद्घाटन लांबल्याची बातमी घाटावर पोचली असणार. मे महिन्यातल्या एका दुपारी गोठणवाडीत बाळंतपणं करणाऱ्या शालन सिस्टर कॉलेजात आल्या. मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. उंच, सडपातळ, पन्नाशीला टेकलेल्या, हातात काळी छत्री. पहाटेच्या एसटीनं निघून दोन गाड्या बदलून आल्या होत्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ते खांबातून काढलेलं मला दाखवा.

मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. टेबलावर फुटलेले नमुने पडले होते. त्यांनी त्यातला एक तुकडा उचलला, अंगठ्यानं चोळला. भुगा पडला.

"हे कमी प्रतीचं आहे, मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "मी अडाणी नाही. पण तुम्ही मला एक सांगा. ती इमारत पडेल का?"

"सांगता येत नाही."

"या पावसाळ्यात पडेल?"

"बहुतेक नाही. पण भूकंप झाला तर..."

"झाला तर." त्यांनी तुकडा खाली ठेवला आणि पदराला हात पुसले. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. आवाज जरासुद्धा चढला नाही. "मॅडम, तुमची इमारत पडेल की नाही हे तुम्हालाही माहीत नाही. माझ्या बायका जीपमध्ये मरतात हे मला माहीत आहे. नावानिशी माहीत आहे. त्या पत्र्याच्या खोलीत उजेड नसतो, पाणी गळतं, सलाईन लावायला खिळा नाही. मला फक्त हा पावसाळा काढू द्या. दसऱ्याला तुम्ही या आणि काय पाडायचं ते पाडा. मी स्वतः पहिली कुदळ मारते."

मी त्यांना सांगितलं की 'योग्य' असं एकदा लिहिलं की दसऱ्याला ते कुणी मागं घेत नाही. इमारत वापरात आली की तिची दुरुस्ती होत नसते. त्या ऐकत होत्या. मी म्हणाले, "सिस्टर, मी सही केली आणि आत बायका असताना जमीन हलली, तर मी काय करू?"

"आणि नाही हलली, तर मी काय करू?" त्या म्हणाल्या.

त्यांनी छत्री उचलली. परतीची गाडी होती. फाटकापर्यंत मी सोडायला गेले.

त्या संध्याकाळी मी अहवाल लिहिला. मागचा भाग वापरास अयोग्य. खांबांभोवती लोखंड आणि काँक्रीटचं नवं कवच घालून ते बळकट करता येतील, ते शक्य नसेल तर मागचा भाग पाडावा, पण मागचा भाग पडला तर पुढचाही ओढला जाईल, म्हणून आहे त्या स्थितीत इमारतीत कुठंही कुणाला नेऊ नये. पावसाळ्यापूर्वी काम व्हावं असंही लिहिलं. खात्यानं इमारतीला कुलूप लावलं, चावी धाकूकडेच ठेवली, दारावर सूचना चिकटवली आणि कवच घालायचं की पाडायचं यावर विचार सुरू केला. मी फोन करत राहिले. विचार चालू आहे, असं तिथले लोक सांगत राहिले. तेवढ्यात पाऊस लागला.

दसऱ्यानंतर पाडायचं ठरलं, आणि काय ठेवायचं, काय काढायचं ते दाखवायला मला बोलावलं. मी गेले. इमारत जशीच्या तशी उभी होती. सबंध पावसाळा अंगावर घेऊन तिला कुठं साधी चीर नव्हती. पांढरा रंग तेवढा हिरवट झाला होता, आणि आम्ही बुजवलेल्या भोकांचे गोल डाग ओळखू येत होते.

धाकू दिसला नाही. राखणीला दुसराच माणूस होता. मी उद्धवला विचारलं तर तो म्हणाला, सिस्टरना विचारा.

सिस्टर पत्र्याच्या खोलीत होत्या. एका बाजूचे पत्रे नवे होते. मला स्टूल दिलं, स्वतः खाटेच्या कडेला बसल्या आणि सांगितलं, अगदी केसपेपर वाचावा तसं. श्रावणात वादळ झालं. या खोलीचे निम्मे पत्रे उडाले. त्याच दुपारी सुगंधाला वाड्यावरून डोलीत घालून आणलं, दिवस भरायच्या आत कळा लागल्या होत्या. खोलीत गुडघाभर पाणी. शाळा बंद, तिचं छप्परही गळत होतं. सिस्टरनी धाकूला सांगितलं, कुलूप काढ, नव्या इमारतीत घेऊ.

"चावी त्याच्या कमरेला होती," त्या म्हणाल्या. "मी मागितली. त्यानं दिली नाही."

मी स्टूल पुढं ओढलं.

"म्हणाला, मॅडमनी सांगितलंय. वर कागद पण लावलाय. आत नेली आणि अंगावर पडलं म्हंजे? दोघं जातील, तुम्ही पण जाल. मी त्याला शिव्या दिल्या, हाताला धरलं. तो रडत होता, पण देत नव्हता. शेवटी जीपमध्ये घातली. घाटात दरड. जीप ना पुढं ना मागं. तिथंच झालं सगळं. मूल आधीच गेलेलं होतं. मग ती."

बाहेर कुणीतरी कुदळी आणून टाकल्याचा आवाज आला. मी विचारलं, "सिस्टर, तेव्हा दार उघडलं असतं, तर वाचली असती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"ते मी तुम्हाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या.

मागचा भाग पाडला. पुन्हा बांधताना मी काँक्रीटच्या जवळजवळ प्रत्येक भरणीला हजर राहिले. तसं माझं काम नव्हतं, रजा टाकून जात होते. सिमेंटची पोती मी स्वतः दाबून बघे. शालन सिस्टरही यायच्या, छत्री घेऊन एका कडेला उभ्या राहायच्या आणि खांब भरून होईपर्यंत हलायच्या नाहीत. आमच्यात बोलणं असं नव्हतं. उद्धवनं ते काम चोख केलं, आणि त्यानंतर सरकारी काम पुन्हा घेतलं नाही. पुढच्या वैशाखात केंद्र सुरू झालं. धाकूला सिस्टरनी खटपट करून तिथंच शिपाई म्हणून लावून घेतलं. मला ते समजेना. ज्यानं चावी दिली नाही, त्याला त्याच दारावर बसवायचं. पण त्यांनी तसं केलं खरं.

मधली वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात सकाळी खोऱ्यात जमीन हलली. नेहमीपेक्षा जोरात. गोठणवाडीतली बरीच घरं तडकली, ग्रामपंचायतीची एक भिंत बसली, देवळाचा कळस कलला. कुणी दगावलं नाही. आरोग्य केंद्रात त्या वेळी दोन बाळंतिणी होत्या. त्या इमारतीचा रंगसुद्धा उडाला नाही.

पाहणीसाठी मला पाठवलं तेव्हा गाव गोळा झालं होतं. सरपंचबाईंनी नारळ दिला, ओटी भरली. जुनी इमारत असती तर आज दोन बायका गेल्या असत्या, असं सगळेच बोलत होते. तुमच्यामुळं वाचलो म्हणत होते. एक म्हातारी तर माझ्या पाया पडायला लागली. मी मागं सरले. शाळेची जुनी दगडी भिंत, मातीत बांधलेली, तीही उभी होती. हे मी पाहत होते. पण इतक्या लोकांपुढं ते कसं बोलायचं, आणि कशासाठी?

पाहणी आटोपून मी वॉर्डच्या मागच्या बाजूला आले. तिथं धाकू उभा होता. केस पिकले होते. खाकी शर्टाची वरची गुंडी लावलेली. एवढ्या वर्षांत मी किती तरी वेळा आले असेन, पण आमची नजरानजर झाली की तो पाणी आणायला निघून जायचा. आज उभा राहिला.

"मॅडम, एक इचारू?"

"विचार की."

"तवाची इमारत. ही धरणी हलली ती. तवाची असती, तर पडली असती न्हवं?"

मी खांबाकडे पाहिलं. नवा खांब. त्या जुन्या चार खांबांवर मी तोवर किती वेळा आकडेमोड केली होती, ते मलाच माहीत. हा धक्का, ते वजन, ती ताकद. कधी पडायची, कधी उभी राहायची. आकड्यांत थोडा इकडं-तिकडं बदल केला की उत्तर बदलायचं. आणि पडली असतीच, तर ती या धक्क्यानं. त्या श्रावणातल्या दुपारी जमीन हलली नव्हती. तेही त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

तो वाट पाहत होता. घाई नव्हती त्याला.

"होय," मी म्हणाले. "पडली असती."

"तवा बी? त्या दिशी?"

"कधीही पडली असती. तिला आत नेलं असतंस तर तुम्ही दोघंही गेला असता. चावी दिली नाहीस ते बरोबर केलंस."

त्यानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला की सुगंधाची आई अजून वाड्यावर आहे. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललेली नाही, त्याच्या हातचं पाणी घेत नाही. त्याच्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही. "तुमी ल्हून द्याल का? सही करून? कुनाकडनं तरी वाचून घील ती."

मी पिशवीतून कोरा कागद काढला. वॉर्डच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि लिहिलं. त्या इमारतीचे खांब इतके कमजोर होते की ती कधीही कोसळली असती. धाकू झोरे यांनी कुलूप न काढून योग्यच केलं. खाली सही केली, तारीख घातली, पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला. धाकूनं तो कागद घडी न घालता दोन्ही हातांनी धरला आणि तसाच आत घेऊन गेला.

एसटीच्या थांब्यापर्यंत शालन सिस्टर सोडायला आल्या. त्या आता निवृत्तीला आल्या होत्या. जरा वाकल्या होत्या, पण चाल तीच. त्यांनी खिडकीतून पाहिलं असावं.

"काय लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, शब्द न् शब्द.

"खरं आहे?"

"माहीत नाही."

थांब्यावर आम्ही दोघीच होतो. घाटातून गाडीचा आवाज चढत येत होता.

"माझ्याकडं पण मागतो तो," त्या म्हणाल्या. "दर वर्षी, तिच्या तिथीला. दार उघडलं असतं तरी ती वाचली नसती, एवढं म्हणा म्हणतो. तोंडी म्हटलं तरी चालेल म्हणतो."

"आणि तुम्ही?"

"मी काय म्हणणार? मला माहीत होतं का? मी म्हणाले, माहीत नाही. दर वर्षी तेच म्हणाले."

गाडी आली. मी वर चढले. सिस्टरनी माझी पिशवी आणि नारळ दारातून वर दिला, छत्री काखेत मारली आणि कंडक्टरनं घंटी द्यायच्या आत म्हणाल्या, "आता सांगेन म्हणते. वाचली नसती म्हणून."